तेविसावा कामगार

१४ जून

आज यादी लागली. सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरेटला पाच जण घेतले, त्यांत माझं नाव चौथं. खात्री करायला मी दोनदा परत जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा फलकाजवळचा शिपाई म्हणाला, "बघून बघून नाव झिजेल हो बाई."

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत एक जाड नोंदवही ठेवायला सांगितली. तिच्यात फक्त मोजमापं, तारखा आणि लोकांचे शब्द जसेच्या तसे. स्वतःचं मत लिहायचं नाही. मग मतांचं काय करायचं, हे विचारायचा धीर झाला नाही. म्हणून ही दुसरी वही.

मुलाखतीत विचारलं होतं, हाच विषय का? मी आकडे सांगितले. दगडाच्या लाद्या कापणारे किती, त्यांतल्या किती जणांना चाळिशीच्या आत धाप लागते. माझा भाऊ त्याच कामात आहे, हे नाही सांगितलं. खोटं बोलले नाही, पण पूर्ण खरंही बोलले नाही. ते तेव्हापासून मनात टोचतंय.

घरी दादाने पूर्ततेच्या अटींचा कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. वर्षभराचे वर्ग, पात्रता परीक्षा, नैतिकता समितीची मंजुरी. एकाच ठिकाणच्या कामगारांची वर्षाच्या अंतराने दोन मोजमापं. छापून आलेला एक लेख. प्रबंध. मग सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा.

"एवढ्या अटी तर माझ्या लग्नालाही नव्हत्या," दादा म्हणाला.

"घालायला हव्या होत्या," वहिनी आतून म्हणाली.

आई हसता हसता डोळे पुसायला लागली. बाबा गेले तेव्हा दादा सातवीत होता आणि मी बालवाडीत. तो शाळा सोडून दगडाच्या कारखान्यात लागला. या घरात दहावीच्या पुढचा कागद आला तो माझ्या नावाने, आणि तो आणायला दादा अर्धी सुट्टी टाकून माझ्याबरोबर आला होता.

२ जुलै

महिन्याच्या आत कामाच्या जागेची लेखी परवानगी द्यावी लागते. चार कारखान्यांत जाऊन आले. तिघांनी दारातूनच वाटेला लावलं, चौथ्याने पाणी दिलं आणि मग वाटेला लावलं. शेवटी दादानेच आपल्या मालकाला विचारलं.

मालक टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे न बघता दादाशी बोलत होते. "तुझी बहीण म्हणून सही करतो. तू आहेस तोवर येऊ दे तिला. तू गेलास की हे कागद बंद. परक्या माणसांनी माझ्या शेडमध्ये डोकवायचं नाही."

"मी कुठे चाललोय, शेठ?" दादा म्हणाला.

परवानगी मिळाली. नोंदवहीत मी "मालकांचे सहकार्य" असं लिहिलं. नंतर ते मत वाटलं, म्हणून खोडून त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

२७ मे

वर्ग संपले, आज पात्रता परीक्षाही झाली. दुसऱ्या पेपरला शेजारणीच्या कागदावर माझी नजर गेली. तिने उत्तराच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचलं नाही, पण नजर गेली. पेपर दिल्यावर जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तिचं उत्तर चुकलंय. तुमचं बरोबर आहे. आता घरी जा."

दादाला सांगितलं तर तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली. "शहाणे, तू चोरी करायला गेलीस तर आधी पोलीस चौकीत कळवून जाशील."

११ ऑगस्ट

नैतिकता समिती. लांब टेबल, सात माणसं. माझा आराखडा मंजूर झाला असता तसाच, पण मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं की कारखान्यात माझा सख्खा भाऊ काम करतो.

सगळ्यांनी कागदातून डोकी वर काढली. थोडी कुजबुज झाली. मग अध्यक्ष म्हणाले, सांगितलंत ते उत्तम केलंत. संशोधकाच्या नातेवाइकाला अभ्यासातून वगळावं. बाकी मंजूर.

कारखान्यात तेवीस कामगार आहेत. आता अभ्यासात बावीस. खूप दिवसांनी शांत वाटलं. टोचणारं ते गेलं.

१६ ऑक्टोबर

पहिलं मोजमाप झालं. लिहायला बसले तरी अंग भरून आलंय, पण आज लिहायलाच हवं.

शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर विभागाचं यंत्र. पुठ्ठ्याची नळी तोंडात धरून जमेल तितका वेळ फुंकायचं. प्रत्येकाने तीनदा. दुसऱ्या दिवशी गाडीने सगळ्यांना छातीच्या फोटोला न्यायचं. ज्याचे आकडे कमी किंवा फोटो वाईट, त्याला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी.

आधी सगळे लाजत होते. मग लाद्या कापायच्या कटरवरच्या लंबूने पहिली फुंकर मारली आणि जत्रा सुरू झाली. "अरे, बायकोसमोर आवाज निघत नाही, इथे काय फुंकतोस!" "वाढदिवसाची मेणबत्ती आहे का ती, जोर लाव!" पॉलिशकाका सगळ्यांत जुने. फरशीला चकाकी आणण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांची फुंकर तीनही वेळा मध्येच तुटली. कोणी हसलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर दादा हात पुसत आला. टेबलावरची एक नळी त्याने उचलली. "तीन उरल्यात की."

"त्या राखीव आहेत. कोणाची फुंकर चुकली तर."

"मग मी चुकून फुंकतो."

सगळे हसले. मी त्याच्या हातातून नळी काढून घेतली. "दादा, चेष्टा नको. समितीने तुला वगळलंय. यंत्र विभागाचं आहे, प्रत्येक फुंकर त्यात क्रमांकाने नोंदली जाते. घरच्या माणसाला वापरलं तर मी काय उत्तर देऊ?"

"बरं बाई," तो म्हणाला. यंत्राची पेटी त्यानेच बंद केली आणि दारापर्यंत आणून दिली.

तिन्ही नळ्या विभागात परत केल्या, पोच घेतली. मॅडमनी विचारलं, सगळं नियमाप्रमाणे? मी म्हटलं, अगदी.

९ नोव्हेंबर

पाच चिठ्ठ्या दिल्या. पॉलिशकाकांच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांवर बारीक ठिपके आहेत, वाळू शिंपडल्यासारखे. ही धूळ आत गेली की तिथेच बसते, भोवती गाठी धरतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. परत मऊ होत नाही. उपाय एकच, धुळीतून बाहेर पडायचं, जितक्या लवकर तितकं बरं.

काकांनी ऐकलं. त्यांना एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालंय. जाताना म्हणाले, "पोरी, तुझ्या फुंकणीने मला खुर्चीत बसवलं."

घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या शिक्षणाचा कोणालातरी उपयोग झाला." मग बराच वेळ खिडकीत उभा राहिला. त्याला काकांची सवय होती.

२० फेब्रुवारी

लेखाचा पहिला खर्डा मॅडमनी लाल करून परत दिला. रडले नाही. जिन्यात दादा भेटला, दुसऱ्या मजल्यावर थांबून चपलेचा अंगठा नीट करत होता. या आठवड्यात तिसऱ्यांदा बघतेय. त्याला नवीन चपला घ्यायला हव्यात. स्वतःसाठी काही घ्यायचं त्याच्या जिवावर येतं.

४ मे

आज घरात मोठं भांडण झालं आणि त्यात माझीही चूक आहे, म्हणून लिहिते.

वहिनीच्या भावाने दादासाठी काम आणलं. शाळेची बस चालवायची. दादाकडे परवाना आहे. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, बाकी वेळ बसून. दादा नाही म्हणाला.

"का पण?" वहिनी विचारत राहिली. "एक कारण सांगा. एक."

"पोरांचा गोंगाट मला सहन होत नाही."

"आणि कटरचा होतो?"

मग मीही बोलले. बोलायला नको होतं. म्हटलं, दादा, तुझ्यात पुढे जायची जिद्दच नाही. एवढी वर्षं तोच दगड, तीच शेड. मी म्हणते म्हणून तरी जा.

दादा हसला. "तू म्हणतेस म्हणूनच नाही जात." ही त्याची नेहमीची चेष्टा. नंतर म्हणाला, "ऑक्टोबरनंतर बघू."

"ऑक्टोबरात काय आहे?" मी विचारलं.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्हाला खरंच कळत नाही की मला वेड्यात काढताय?"

मी उठून आत गेले. वहिनीला माझं शिकणं आवडत नाही, असं मला अधूनमधून वाटतं. हा विचार वाईट आहे. पण येतो, तर लिहायला हवा.

३० ऑगस्ट

लेख परत आला. परीक्षकांचं म्हणणं, एकाच मोजमापावर काही सिद्ध होत नाही, दुसरं जोडा. म्हणजे सगळं ऑक्टोबरवर आलं. रात्रंदिवस एकच भीती, मालकांनी मन बदललं तर? दादाला रोज विचारते, शेठ काही बोलले का? तो म्हणतो, "मी आहे ना तिथे."

आई म्हणते दादा वाळलाय. त्याने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय. मी म्हटलं, यंदाच्या उन्हाळ्याने सगळेच वाळलेत. अलीकडे तो खुर्चीतच झोपतो, सकाळी उठले की तसाच बसलेला दिसतो. म्हणतो, पाठ धरते आडवं पडलं की. दगड उचलणाऱ्या सगळ्यांच्याच पाठी धरतात, बावीसपैकी चौदा जणांनी तसं सांगितलंय.

१७ ऑक्टोबर

झालं! दुसरं मोजमाप झालं. तिघं काम सोडून गेलेत, एकोणीस हजर होते. पण एकोणीस चालतील, मॅडमनी सांगितलंय. आकडे गेल्या वर्षीपेक्षा खाली आलेत. वाईट वाटायला हवं आणि वाटतंही, पण आकडे स्पष्ट आले याचा आनंदही झाला. या आनंदाची लाज वाटते.

यंत्राची पेटी दादाने बसथांब्यापर्यंत आणली. दोनदा खाली ठेवून उभा राहिला. पेटी खरंच जड आहे. विभागाने चाकांची पेटी घ्यायला हवी, असं पत्र देणार आहे.

थांब्यावर त्याने विचारलं, "आता तिथलं काम संपलं ना तुझं? पुन्हा यायची गरज नाही?"

"नाही. आता फक्त लिहायचं."

"चला," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचा तसा. केसांत धूळ राहिली.

१८ ऑक्टोबर

दादाने आज काम सोडलं. काल मोजमाप झालं आणि आज सकाळी जाऊन त्याने मालकांना सांगितलं. बसचं काम अजून रिकामं आहे म्हणे. मी म्हटलं, बघ, अखेर ऐकलंस माझं. वहिनी पदराने भांडी पुसत राहिली. फडकं शेजारीच होतं.

६ नोव्हेंबर

बसचालकाला आधी तब्येतीची तपासणी द्यावी लागते. दादाला परत पाठवलं. त्यांनी छातीचा फोटो दिला आणि सांगितलं, घरी कोणी शिकलेलं असेल तर दाखवा.

त्याने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बघ गं शहाणे, काय म्हणतायत ते."

मी तो खिडकीसमोर धरला. असे फोटो मी खूप पाहिलेत. ठिपके नाहीत, ठिपके कधीच एकमेकांत मिसळून गेलेत. वरच्या दोन्ही बाजूंना पांढरे गोळे आहेत.

"काय आहे?" त्याने विचारलं.

मला फोटोमागची खिडकी दिसत होती, तिच्यातून रस्ता दिसत होता. मी बराच वेळ रस्ता बघत होते.

१२ नोव्हेंबर

मोठं रुग्णालय. डॉक्टर तरुण आहेत, माझ्याच वयाचे. जिना चढताना धाप कधीपासून लागते, त्यांनी विचारलं.

"आत्ताच. महिना झाला असेल," दादा म्हणाला.

"दीड वर्ष," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही याच विषयावर काम करता ना?"

हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर

वहिनी आज बोलली. दादाला दवाखान्यातच ठेवलंय आणि आई त्याच्याजवळ आहे. घरात आम्ही दोघीच होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तोंडातून एकेक शब्द काढत होती, आवाज न चढवता.

"त्यांना उन्हाळ्याच्याही आधीपासून माहीत होतं. मी म्हटलं, चला, दाखवू. तर म्हणाले, दाखवलं की डॉक्टर काम सोडायला लावणार. काम सोडलं की शेठ तिला आत येऊ देणार नाही. दुसरी फुंकर होऊ दे, मग सोडतो. मला शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर ती शिक्षण सोडेल, तिचा स्वभाव तसाच आहे."

"मला माहीत नव्हतं गं."

"शेठ तुमच्या तोंडावर बोलले होते ना? तुम्ही तिथेच होतात ना?"

होते. वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

"आणि त्या पहिल्या फुंकरीच्या दिवशी त्यांनी मागितलं तुझ्याकडे," वहिनी म्हणाली. तिने मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं. "चेष्टेत मागितलं. चेष्टेशिवाय मागायची त्यांची हिंमत नव्हती. घरी येऊन म्हणाले, नियमाची पक्की आहे पोरगी, बरं वाटलं. रात्रभर खोकत होते आणि बरं वाटलं म्हणत होते."

घड्या घालून झाल्यावर तिने दादाचे कपडे वेगळे काढले, दवाखान्यात न्यायला.

२१ नोव्हेंबर

मॅडमकडे गेले, प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन. सगळं सांगितलं. समितीने वगळलं म्हणून त्याची तपासणी केली नाही, हेही सांगितलं.

त्या चष्मा काढून बसल्या. मग म्हणाल्या, "समितीने त्यांना अभ्यासातून वगळलं होतं. त्यांचे आकडे तुमच्या तक्त्यात येऊ नयेत, एवढंच. त्यांना दवाखान्यात पाठवू नका, असं कोणी म्हटलं होतं? तुम्ही साधी चिठ्ठी लिहून देऊ शकला असता. बहीण म्हणून."

मला हे सुचलंच नव्हतं. वर्षभरात एकदाही नाही. वगळलं म्हणजे वगळलं, असं मी धरलं. बावीस जणांकडे निरखून बघितलं, कोणाच्या बोटांची नखं कशी, कोण बोलताना थांबतो, सगळं टिपलं. तेविसाव्याकडे बघायचं नाही, असं माझ्या डोळ्यांनीच ठरवलं असावं.

"मीही विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या. "सगळं नियमाप्रमाणे ना, एवढंच विचारलं." त्यांनी अर्ज घेतला नाही. म्हणाल्या, एकोणीस माणसांचे आकडे तुमच्याकडे आहेत, ते फेकायचा हक्क तुम्हाला नाही. घरी जा, भावाजवळ बसा आणि तिथेच बसून लिहा.

३ मार्च

दादा घरी आहे. प्राणवायूचं यंत्र खुर्चीशेजारी दिवसभर घुरघुरतं. त्याला मी रोज प्रबंधाचं एक पान वाचून दाखवते, त्यानेच तसं सांगितलंय. फार अवघड शब्द आला की तो हात वर करतो. मग मी तो सोपा करते. मॅडमनी विचारलं, तुमची भाषा एकदम सुधारली कशी? लेख स्वीकारला गेला तेव्हा त्याने आईला हाक मारून सांगितलं, "आई, छापलं हिला!"

८ जून

प्रबंध जमा करताना शेवटचा एक फॉर्म असतो. आज कार्यालयात तो हातात दिला. त्यावर वाक्य आहे: "या संशोधनात सहभागी झालेल्या कोणत्याही व्यक्तीला संशोधनामुळे इजा झालेली नाही." खाली सही. ही सही नसेल तर प्रबंध घेत नाहीत.

मी फॉर्म परत ठेवला. लेखनिक म्हणाल्या, "काय झालं? सगळेच करतात सही. वाचत नाही कोणी." शुक्रवार शेवटची तारीख आहे.

१० जून

दादाला सांगायचं नव्हतं. पण मी जेवत नाही हे आईने त्याला सांगितलं, आणि त्याने मला समोर बसवलं. फॉर्म मागितला. दर दोन शब्दांनंतर थांबत वाचला.

"यात... अडचण काय?"

मी त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"सहभागी झालेल्या... लिहिलंय ना? मी कुठे... सहभागी होतो?" तो हसला. हसणं म्हणजे आता फक्त खांदे हलतात. "तूच वगळलंस की मला. वाक्य खरं आहे, शहाणे. कर सही."

"दादा, असं नको म्हणूस."

"मग कसं म्हणू? दीड वर्ष... कशाला बसलो होतो तिथे? हे अडकवून ठेवायला?" त्याला खूप वेळ लागला पुढचं बोलायला. "माझी पण... एक अट पूर्ण होऊ दे."

वहिनी दारात उभी होती. तिने टेबलावरून पेन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि निघून गेली.

मी वाक्य पुन्हा वाचलं. त्यातला एक शब्दही खोटा नाही. सही केली.

२ ऑगस्ट

दादा गेला. सकाळी सव्वासातला. आई, वहिनी, मी, तिघीही जवळ होतो. प्राणवायूचं यंत्र कोणी बंद करायचं हे कोणाला सुचलं नाही, ते तसंच चालू होतं.

१९ सप्टेंबर

आज तोंडी परीक्षा झाली. खोली भरली होती. पॉलिशकाका मागच्या बाकावर होते, लंबू कामाच्या कपड्यांतच आला होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "कारखान्यात तेवीस कामगार, तुमच्याकडे बावीस. एकाला वगळलंत. कोण तो?"

"माझा भाऊ."

"योग्य केलंत. या प्रबंधात मला सगळ्यांत आवडलं ते हेच. निकष इतके काटेकोर पाळलेले फार कमी पाहायला मिळतात."

मी म्हटलं, "योग्य नव्हतं, सर. त्याला तपासायला पाठवायला हवं होतं, अभ्यासाबाहेर. मी पाठवलं नाही. तो गेल्या महिन्यात वारला. एवढं प्रबंधात नाही, म्हणून सांगितलं."

मॅडम खाली बघत होत्या. परीक्षकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष हळूच म्हणाले, "आम्हाला वाईट वाटतं. पण ही बाब प्रबंधाच्या कक्षेत येत नाही. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न नव्हता. एकमताने मंजूर केलं. टाळ्या वाजल्या.

घरी आले तर वहिनी एकटीच जागी होती. आई आडवी झाली होती. वहिनीने मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"झालं?"

"झालं."

"त्यांच्याबद्दल विचारलं का कोणी?"

जे झालं ते सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आता डॉक्टर म्हणतील तुला. मग मला एक सांग. त्या पहिल्या दिवशी त्यांनी फुंकलं असतं, तर कळलं असतं?"

"हो."

"आणि तेव्हाच काम सोडलं असतं तर?"

मला माहीत असलेलं सगळं तिला सांगता आलं असतं, की हा आजार बरा होत नाही, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, नक्की कोणालाच सांगता येत नाही. ते सगळं खरं आहे. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"तर आज असता," मी म्हटलं. "पुढेही काही वर्षं असता."

तिने मान हलवली. मग उठली, माझा रिकामा पेला घेतला आणि विसळायला आत गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.